डाव्या हाताने उजवी लाथ

आमच्या पुढच्या खोलीत पिनबॉलचं मशीन होतं आणि ते रविवारच्या आत घराबाहेर जायला हवं होतं. सोमवारी सकाळी दहाला बायकोची सहा शिलाई मशीनं येणार होती. तिच्या शिवणाच्या क्लासला अकरा जणींनी नावं दिली होती, खोली एकच, आणि त्या खोलीच्या मधोमध हा चार पायांचा रेडा ठाण मांडून उभा.

"विकलं तर विकलं," बायको म्हणाली. "नाहीतर सोमवारी नऊला भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय त्याला."

"काच तरी काढून ठेवू."

"काचेचं काय लोणचं घालायचंय?"

ती बोलते तसं करते, हे मला तीस वर्षांत पुरतं कळलं आहे. तिच्यात हळवेपणा नाही असं नाही, पण तो ती कामाच्या वेळेत काढत नाही. एकोणीस वर्षं त्या मशीनच्या काचेवर इस्त्रीचे कपडे रचले तिने. पाहुणे विचारायचे, खाली काय आहे हो? ती म्हणायची, यांची पहिली बायको.

पहिला घेणारा आला त्याने मशीन बघितलंच नाही, आमचं दार मोजलं आणि मान हलवून गेला. दुसऱ्याला मशीनचा माथा तेवढा हवा होता. उभ्या माथ्यावर एका अंतराळवीर बाईचं चित्र आहे, ते त्याला हॉटेलच्या भिंतीला ठोकायचं होतं. म्हणजे गाय नको, शिंगं द्या. त्याला मी दारातूनच वाटेला लावला. बायकोने नंतर माझ्याशी चार तास बोलणं टाकलं.

तिसरा दातांचा डॉक्टर. रविवारी दुपारी दोनला आला, टेम्पो घेऊनच. तरुण, स्वच्छ नखं, बोलणं गोड. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मशीन ठेवायचं होतं त्याला, लोकांची भीती जावी म्हणून. किंमत फोनवर ठरली होती. फक्त चालवून बघायचं बाकी होतं.

मी कपडे उचलले, काच पुसली, प्लग लावला. मशीन आधी गुरगुरलं, मग दिवे एकेक करून लागले, आणि आतली घंटा एकदा वाजली. त्या घंटेचा आवाज मी झोपेत ओळखेन. कारण ती घंटा मी बसवली आहे, ती वायर मी ओढली आहे, त्या मशीनच्या पोटातला सोल्डरचा प्रत्येक डाग माझ्या हातचा आहे.

आमच्या गावात टोकन टाकून खेळायच्या मशीनांचं, गेमचं दुकान होतं, तिथे मी मेकॅनिक होतो. चौदा वर्षं. मालक गोल पोटाचा, दिलदार, आणि यंत्रांतलं ओ की ठो न कळणारा माणूस. कुठल्याशा लिलावात त्याने हे मशीन उचललं तेव्हा आतली अर्धी वायर उंदरांनी खाल्ली होती. माझं वय चोवीस. रेडिओ दुरुस्त करायचो. पिनबॉल नावाची वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती, मालकानेही नव्हती, आमच्या आसपासच्या कुणीच नव्हती. सोबत वायरिंगचा एक नकाशा होता, परक्या भाषेतला. मी जमिनीवर उताणा झोपलो, मशीनखाली सरकलो, नकाशा छातीवर धरला आणि नऊ दिवसांत सगळी वायर नव्याने टाकली. दहाव्या दिवशी मशीनचे दिवे लागले. मालकाने मला उचलून घेतलं, खरंच उचललं, आणि मग कंबर धरून बसला.

खेळ साधा. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर उडते आणि छत्रीसारख्या खांबांवर आपटत खाली येते. खाली दोन छोट्या पट्ट्या असतात, बटण दाबलं की उडतात आणि गोळीला वर लाथाडतात. आम्ही त्यांना लाथाच म्हणायचो. मशीनला फार धक्के मारले की ते बंद पडतं, त्याला आम्ही म्हणायचो रुसलं. मालकाने स्वतः पाटी रंगवली होती: डाव्या हाताने उजवी लाथ मारावी. उजव्या हाताने डावी. मशीनला ढकलू नये, रुसते.

अख्खा मोहल्ला त्यावर खेळायला शिकला. पोस्टातला कारकून जेवणाच्या सुट्टीत यायचा आणि डबा काखेत धरून खेळायचा, कारण खाली ठेवला तर एक गोळी वाया जाईल अशी त्याला भीती. एक नर्स ड्यूटी संपवून यायची, पांढऱ्या बुटांतच, आणि इतक्या घाण शिव्या द्यायची की पोरं तिच्याकडे आदराने बघायची. आणि टोकनच्या खिडकीत बसलेली एक मुलगी. तिला सगळे खिडकी म्हणायचे. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास ती एकटी खेळायची आणि तिचा आकडा कधीच कुणाला मोडता आला नाही. ती खिडकी आता आतल्या खोलीत कापड बेतत होती आणि मधूनच ओरडत होती, "घेतायत का ते? विचारा, घेतायत का?"

एकदा बाहेरगावचा एक खेळाडू आला होता. दहा गावांत पहिला आलोय म्हणाला. बोटांना पावडर लावली त्याने. तीन गोळ्या, तीन मिनिटं, खलास. म्हणाला मशीन खराब आहे. पूर्ण दुकान हसलं. खिडकी बाहेर आली, टोकनचा डबा काखेत, आणि एका गोळीवर चाळीस मिनिटं खेळली. तो गेला तो आमच्या गावाला शिव्या देत. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. आमची खात्री होती की जगात आमच्या तोडीचे खेळाडू नाहीत.

दुकान बंद का पडलं हे लोक नेहमी चुकीचं सांगतात. म्हणतात मोबाईल आले. खोटं आहे. मोबाईल खिशात यायच्या आधीच बंद पडलं. सभ्य लोकांनी सह्या गोळा केल्या, पोरं बिघडतात म्हणून. सभ्य माणसाला दुसऱ्याचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं की त्याचं पोट दुखतं, एवढीच गोष्ट आहे. जागेच्या मालकाला निमित्तच हवं होतं. आता तिथे फरशांचं दुकान आहे. आत गेलं की पाटी असते, हात लावू नये. आमच्याकडे हात लावण्यासाठीच लोक यायचे. शेवटच्या दिवशी मालकाने बाकीची मशीनं भंगारात विकली आणि हे मला दिलं. म्हणाला, याच्या पोटात तूच आहेस, तूच ने.

तर दातवाल्याने दांडा ओढला. गोळी वर गेली, छत्र्यांवर आपटली, घंटा वाजली, आकडे फिरले. त्याचा चेहरा खुलला. गोळी डावीकडून खाली आली. त्याने डावं बटण दाबलं. उजवी लाथ उडाली. गोळी खालच्या भोकात, गटारात.

"अरेच्चा," तो म्हणाला.

दुसरी गोळी. तेच.

तो वाकला, दोन्ही बटणं आलटून पालटून दाबली, आणि सरळ उभा राहून म्हणाला, "काका, हे उलटं लागलंय."

"काय उलटं?"

"डावं बटण उजव्याला जोडलंय."

"तसंच असतं ते."

"नाही हो. डावं डाव्याला असतं."

"तुम्ही दातांचे डॉक्टर," मी म्हणालो. "मी तुम्हाला दाढ कुठली ते शिकवतो का?"

त्याने वाद घातला नाही. हीच या गोड बोलणाऱ्यांची खोड, वाद घालत नाहीत, पुरावा देतात. खिशातून फोन काढला, कुठल्यातरी देशातल्या स्पर्धेचं चित्रण लावलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. एक दाढीवाला खेळत होता. त्याचा डावा हात हलला, डावी लाथ उडाली. उजवा हात, उजवी लाथ. मग एक बाई. मग एक म्हातारा. सगळे तसेच. म्हातारा तर झोपेत खेळावं तसा खेळत होता, इतकं ते सोपं दिसत होतं.

मी खुर्ची ओढून बसलो.

आणि बसल्या बसल्या मला तो नकाशा दिसला. छातीवर धरलेला. नकाशा काढणाऱ्याने मशीन वरून बघितलं होतं आणि मी खाली उताणा पडून बघत होतो. खालून माझं डावं म्हणजे वरून उजवं. एवढी साधी गोष्ट. न्हाव्याकडे आरशासमोर बसलेल्या पोरालाही कळते.

पण खरी लाज पुढे आहे. तीन वर्षांनी मालकाने दुसरं मशीन आणलं होतं, नवं कोरं, खोक्यातलं. पहिल्याच संध्याकाळी सगळे ओरडले, हे बिघडलंय, डाव्याने डावी उडते. नर्सने तर मशीनला लाथ घातली, तिची स्वतःची. मी तपासलं, कारखान्याची चूक शोधून काढली आणि एका तासात ते मशीन 'दुरुस्त' केलं. मालकाला इतका अभिमान वाटला की त्याने कारखान्याला पत्र लिहिलं. तुमच्याकडे वायर उलटी लागते, आमच्या मेकॅनिकने सुधारून घेतली आहे, पुढच्या मालात काळजी घ्यावी. उत्तर आलं नाही. आम्हाला वाटलं, लाजले असतील.

"सोपं आहे," दातवाला म्हणाला. "दोन वायरी बदलायच्या, दहा मिनिटांचं काम. नीट करून द्या, मी आत्ता घेऊन जातो. बाहेर टेम्पो उभाच आहे."

"नाही करणार."

"का?"

दहा मिनिटांचंच काम होतं. पण चौदा वर्षं ज्या खेळात ती सगळी माणसं पटाईत झाली, तो खेळ जगात दुसरीकडे कुठे नव्हता. एकुलतं एक मशीन उरलं होतं तसं. त्या दोन वायरी बदलल्या की पोस्टातल्याचा डबा गेला, नर्सच्या शिव्या गेल्या, सगळं चुकून झालं होतं असं ठरलं. आणि चुकी कोणाची, तर माझी.

"हे मशीन असंच आहे," मी म्हणालो. "घ्यायचं तर असंच घ्या."

"माझ्याकडे आधीच घाबरलेली माणसं येतात, काका. त्यांना हे उलटं मशीन देऊ?"

"मग नका घेऊ."

आतून कात्रीचा आवाज थांबला. बायको दारात आली. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. तिने टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचल्या, सावकाश, एकेक. ही लक्षणं मला माहीत आहेत.

"डॉक्टर, बसा हं दोन मिनिटं," ती म्हणाली. "अहो, जरा आत या."

चारचौघांत ती मला अहो म्हणते. स्वयंपाकघरात गेल्यावर म्हणाली, "अरे, डोकं फिरलंय का तुझं?"

"तू ऐकलंस तो काय म्हणाला?"

"ऐकलं. उलटं लागलंय म्हणाला."

"ते उलटंच आहे," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. नकाशा, उताणं झोपणं, दुसरं मशीन, ते पत्र. शेवटी म्हणालो, "तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की मी कधी चुकीची वायर जोडली नाही."

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"उलटं आहे ते."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. मावशीच्या घरच्या लग्नाला गेले होते ना, तिथे बंदरावर एक मशीन होतं. म्हटलं दाखवते या लोकांना खेळून. तीन गोळ्या गेल्या माझ्या डोळ्यांदेखत. मला वाटलं तिथलं बिघडलंय. मग उभी राहून बघत बसले. सगळे तसेच खेळत होते, चिल्लीपिल्लीसुद्धा."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"दुसरं मशीन मी उलटं केलं तेव्हाही?"

"तेव्हा तर मी टोकनचा डबा तोंडासमोर धरून हसत होते. तुला वाटलं मी चिल्लर मोजतेय."

"आणि ते पत्र?"

"मालकाला स्पेलिंग कोणी सांगितलं असेल असं वाटतं तुला?"

माझ्या संसारात तीस वर्षं एक हेर होता आणि तो रोज माझ्या ताटात वाढत होता.

"पण का?"

"एक तर मी जिंकत होते," ती म्हणाली. "सरळ झालं असतं तर सगळेच जिंकले असते, मग मला कोण विचारतं. आणि दुसरं म्हणजे, मी लग्नाहून परत आले त्या दिवशी तू मशीनशेजारी उभा होतास. कोणीतरी विचारलं, हे कोणी लावलं. तू म्हणालास, मी. एवढासा होतास, शर्टाला काजळी. पण असा उभा होतास की मला वाटलं, राहू दे. हा चुकीचा असला तर असू दे चुकीचा."

मी हसलो. आधी थोडं, मग आवरेना. तीही हसायला लागली, टेपच्या टोकाने डोळे पुसत. पत्राची आठवण निघाली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही शेवटचे असे कधी हसलो होतो ते आठवत नाही. पुढच्या खोलीत एक परका माणूस बसलाय हे दोघेही विसरलो.

तो बसला नव्हता. आम्ही बाहेर आलो तर दातवाला मशीनला चिकटलेला. शर्टाच्या बाह्या वर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. गोळी खाली आली, त्याने चुकीचं बटण दाबलं, स्वतःलाच काहीतरी पुटपुटला, पुन्हा दांडा ओढला. पुढची गोळी डावीकडून आली आणि त्याचा उजवा हात आपोआप हलला. लाथ बसली. गोळी थेट वर, छत्र्यांमध्ये, घंटा, घंटा, घंटा.

"बघितलंत?" तो मागे न बघता म्हणाला.

"बघितलं," बायको म्हणाली. "अंगठा फार लवकर सोडताय. हं, सरका."

तिने तीन गोळ्या खेळून दाखवल्या. एकोणीस वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवणारी ही बाई, तिसऱ्या गोळीला तिचा हात बसला आणि आकडे असे फिरायला लागले की मशीनला दम लागेल. दातवाला तोंड उघडं टाकून बघत होता. स्वतः दातांचा डॉक्टर असून.

तेवढ्यात मी डबा उघडला होता. जुन्या भागांचा माझा डबा. त्यात सहा पायांचा एक खटका निघाला, कुठल्याशा टेपरेकॉर्डरचा. असा खटका मधोमध बसवला की एका बाजूला वायर सरळ, दुसऱ्या बाजूला उलटी. दोन्ही खेळ एका पोटात. मी जमिनीवर उताणा झालो आणि मशीनखाली सरकलो. गुडघे कुरकुरले, पोट आड आलं, पण आतलं सगळं ओळखीचं होतं. या वेळी डावं उजवं दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा बायकोला विचारून तपासलं.

"दोन्ही होतील?" वरून दातवाल्याचा आवाज.

"दोन्ही होतील. घाबरलेल्यांना सरळ द्या."

शेवटचा डाग देऊन बाहेर आलो. खटक्याच्या दोन बाजूंना काहीतरी लिहायला हवं होतं, नाहीतर कोण कुठे हे कळायचं नाही. बायकोने कापडावर खुणा करायचं पेन आणलं आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले.

"एका बाजूला 'बरोबर' लिहू," दातवाला म्हणाला. मग माझ्याकडे बघून थांबला. "आणि दुसऱ्या बाजूला... 'जुनं' लिहायचं का?"

"'आमचं' लिहिते," बायको मला वाचवायला म्हणाली. "'आमचं' छान दिसेल."

"नाही," मी म्हणालो. "'चूक' लिही."

"नक्की?"

"मोठ्या अक्षरात लिही. आणि खाली माझी सही करतो."

तिने लिहिलं. मी सही केली. सहीसाठी गुडघ्यावर बसलो तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो आधारासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही.

बाहेर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि शेवटी स्वतःच आत आला, आडदांड, कपाळाला आठ्या. मशीन उचलायचं बाजूलाच राहिलं, तो त्याच्याकडे बघत राहिला.

"खेळू का एकदा?" त्याने विचारलं.

"खेळा की," दातवाला म्हणाला. त्याने खाली हात घातला, खटका चाचपला आणि 'चूक' लिहिलेल्या बाजूला ढकलला. मी पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

टेम्पोवाल्याने दांडा ओढला. गोळी फिरून डावीकडून खाली आली, त्याने डावं बटण दाबलं, उजवी लाथ उडाली, गोळी गेली.

"हे बिघडलंय हो," तो म्हणाला.

"छे," दातवाला म्हणाला, इतक्या गंभीर चेहऱ्याने की जणू दाढ उपटायची असं सांगतोय. "तुम्हाला सवय नाही."

टेम्पोवाल्याने बाह्या वर केल्या आणि दुसरी गोळी सोडली. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलत होते.